सतरावा खवला

गेल्या माघातली गोष्ट. भाटघर धरणाच्या फुगवट्यावर, वेळवंडी नदीच्या अंगाला, गळ टाकून बसलो होतो. पाणी उतरायला लागलं होतं आणि काठाशी चिखलाचा तो ओळखीचा पट्टा उघडा पडला होता, वरून पापडासारखा वाळलेला, आतून लोणी. पाय पडला की घोटा गेलाच. सकाळपासून दोन चिलापी आणि एक बोटभर शेंगाळ एवढीच कमाई. साडेदहाच्या सुमाराला काठी वाकली, रीळ किरकिरलं, आणि चार-पाच मिनिटांच्या ओढाताणीनंतर पाऊण किलोचा एक चंदेरी मासा हातात आला. मोठाले खवले, पाठीवर करडी झाक, पोट मोत्याच्या रंगाचं. शेजारच्या टेकाडावरून दोन कॉलेजची पोरं मोबाइल काढून धावत आली. मी मासा त्यांच्यापुढे धरला आणि ज्या आवाजात आपण पाहुण्यांना घरातलं जुनं पितळेचं भांडं दाखवतो त्या आवाजात म्हणालो, "खडशी. महाशीर महाशीर म्हणतात ना, तोच हा. याला मारत नाहीत." मग नद्या, धरणं, घटत चाललेले मासे असं दोन-तीन मिनिटं बोललो. मासा पाण्यात उभा धरला, त्याचे कल्ले नीट चालू लागेपर्यंत थांबलो आणि सोडला. शेपटीचा एक फटका मनगटावर बसला. पोरं खूश. मीही.

वीसेक हातांवर एक भोईमामा जाळ्याची फाटलेली घरं विणत बसले होते. मान वर न करता ते म्हणाले, "कोळस होता."

"काय म्हणालात मामा?"

"कोळस होता त्यो. सोडला ते ब्येस केलं. पर खडशी न्हाई ती."

पोरं हसली असती तर बरं झालं असतं. त्यातल्या एकाने नुसतं आपल्या फोनकडे पाहिलं, बहुधा फोटोखाली आधीच लिहून टाकलेलं नाव पुसायला.

रात्री जेवण झाल्यावर मी तो फोटो मोठा करून मोजायला बसलो. माशाच्या कुशीवर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ जाते, पार्श्वरेषा. त्या रेघेवरच्या खवल्यांना बारीक भोकं असतात आणि त्यांतून माशाला पाण्यातली हालचाल कळते. ओळख पटवायची तर या रेघेवरचे खवले मोजायचे. खडशीला ते 25 ते 27 असतात. म्हणजे एवढा मोठा मासा आणि रेघेवर जेमतेम पंचवीस खवले; एकेक खवला केवढा असेल ते त्यातच आलं. कोळसाचे चाळिशीच्या घरात जातात. हे मला पाठ होतं, ही त्यातली गंमत. पाठ असलेलं वापरायची वेळ आली तेव्हा मी भाषण करत होतो. पहिल्यांदा मोजले ते 39 आले, दुसऱ्यांदा 42. तिसऱ्यांदा कागदावर पाच-पाचच्या जुड्या पाडत पेन्सिलीने मोजले. 41. शिवाय मिशा. खडशीला मिशांच्या दोन जोड्या, चांगल्या दिसतील अशा. माझ्या माशाच्या तोंडाशी एकच जोडी, तीही एखाद्या पोराला पहिल्यांदा फुटावी तशी.

मामांनी तो मासा वीस हातांवरून, तिरक्या उन्हात, दोन क्षण पाहिला होता.

चूक झाली याचं फारसं काही वाटलं नाही. चुका होतात. मला टोचत राहिली ती वही. मी गेली आठ-नऊ वर्षं एक वही ठेवतो. शंभर पानी, रेघी, कव्हरला माशाच्या पाण्याचा वास लागलेली. तारीख, जागा, पाण्याचा रंग, आमिष, मासा, अंदाजे वजन. त्या वहीत 'खडशी' हा शब्द चौदा वेळा आहे. चौदा वेळा मी तो जरा ठळक लिहिलाय, दोनदा तर खाली रेघही मारलीय. त्या चौदांपैकी फोटो आहेत तिघांचेच. बाकीचे अकरा मासे आपापल्या डोहात निघून गेले, माझी वही त्यांच्या नावानिशी इकडे राहिली. आता त्यांतले खडशी किती आणि कोळस किती? विचारायचं कुणाला? तीन फोटोंपैकी एक गेल्या माघातला, तो तर निकालात निघाला. दुसरा खडशीच, शंकाच नाही, जाड मांसल ओठ आणि तळहाताच्या खळग्याएवढे खवले. तिसऱ्यात मीच जास्त दिसतोय, मासा माझ्या बोटांमागे.

खरं तर मासे ओळखण्याच्या घरात मी वाढलो. आमच्याकडे रविवारी बाजारातून गोड्या पाण्यातला मासा यायचा आणि आई तो पिशवीतून काढण्याआधी त्याचं तोंड बघायची. रोहू म्हणून मृगळ गळ्यात मारणारे तेव्हाही होते. तुकडे करून झाल्यावर दोन्हींत फरक सांगणं कठीण, म्हणून जे काय बघायचं ते डोकं जागेवर असतानाच. आईची परीक्षा एका बोटाची. माशाच्या खालच्या ओठावरून ती बोट फिरवायची. रोहूच्या ओठाला झालर असते, गोधडीच्या कडेला बारीक चुण्या घालाव्यात तशी. मृगळाचा ओठ सपाट, नावापुरता. मुस्कट बोथट आणि अंग जास्त लांबट. रोहूच्या परांना तांबूस छटा, मृगळ एकूणच चांदीकडे झुकणारा. कटल्याची तर परीक्षाच नको, अर्धा मासा डोकंच, मिशा मुळीच नाहीत आणि खालचा जबडा असा वर आलेला की जेवायला बोलावूनही रुसून बसलेलं मूल वाटावं. कानशी म्हणून आणखी एक मासा, रंगाने काळा, ओठ झालरीचे पण मिशांच्या जोड्या दोन. हे सगळं मला दहाव्या वर्षी येत होतं. शाळेत पर्यायी उत्तरांचे प्रश्न सोडवताना मला नेहमी वाटायचं, एकदा बोट फिरवून बघता आलं असतं तर.

आता विचार केला की यातली एक गोष्ट जरा लागते. रोहू, कटला, मृगळ हे तिघेही आमच्या भीमा-नीरेचे नव्हेत. ते गंगेकडचे. धरणं झाली, बीज आणून सोडलं, आणि ते इथे नांदले. म्हणजे पाहुण्यांची तोंडं मी ओठांच्या झालरीपर्यंत ओळखतो, आणि जो कोळस या पाण्यात धरणं नव्हती तेव्हापासून आहे, त्याला हातात धरून दुसऱ्याच्याच नावाने हाक मारतो. लग्नात असं करणारा एक काका प्रत्येक घरात असतो. आमच्यात तो मीच निघालो.

पण मासा ओळखायची खरी मजा तो हातात येण्याआधीची आहे, हे गळ टाकणाऱ्या कुणालाही विचारा. पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही. दिसतो तो वरचा फ्लोट, आणि हाताला कळते ती तंगूस. बस्स, एवढ्यावर अख्खा मासा उभा करायचा. रोहू आला की फ्लोट आधी थरथरतो, मिनिट-मिनिट नुसता थरथरतो, जणू कुणी खालून पिठाच्या गोळीला फुंकर घालतंय. झालरीच्या ओठांनी तो चाखत असतो. घाईने काठी उचलली की गोळीही गेली आणि रोहूही. कटला वरच्या पाण्यात चरणारा, त्याचं वागणं सरळ. फ्लोट कधी चक्क आडवा होऊन पाण्यावर निजतो, कारण त्याने आमिष उचलून वर आणलेलं असतं. मृगळ तळाशी. त्याची ओढ जड, सावकाश, पहिल्यांदा वाटतं की गळ मुळीला अडकला, आणि मग ती मुळी चालायला लागते. मरळ मात्र सांगून येत नाही. कडेच्या गवतात एकदम पाणी फुटतं आणि तुमच्या हातात राहते ती तुटकी दोरी आणि मरळीच्या मागे उठलेल्या लाटा.

आणि खडशी. खडशीची पहिली धाव जी असते ना, ती मला अजून कुणाला नीट सांगता आलेली नाही. चाखणं नाही, थरथर नाही. काठी हातातून हिसकली जाते, रिळाची चकती गरम होते, आणि मासा प्रवाहाच्या दिशेने, दगडांच्या सांदीकडे, असा निघतो की त्याला तुमची दखलच नाही. छातीत काहीतरी वर येतं. घाबरल्यासारखं पण हवंहवंसं. त्या पाच-सात सेकंदांत मी कधी कुणाचा नवरा नव्हतो, बँकेचा हप्ता भरणारा नव्हतो, गुडघे दुखणारा नव्हतो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राजाच्या करमणुकींची त्यात मोठी यादी आहे आणि तीत 'मत्स्यविनोद' असा गळाने मासेमारीचा स्वतंत्र भाग आहे. कुठले मासे, त्यांना काय खाऊ घालून एका जागी आणायचं, दोरी कशी, काठी कशी. राज्य सांभाळून माणूस हे लिहीत बसला होता. मला याचं अजिबात आश्चर्य वाटत नाही.

माझा अडचणीचा मुद्दा असा की गेल्या माघातल्या त्या माशाने दिलेली ओढही मला खडशीचीच वाटली होती. छातीत ते तेच आलं होतं. मग ते कुणाचं होतं? माशाचं, की माझ्या मनात आधीपासून तयार असलेल्या नावाचं? वहीतल्या नवव्या खडशीपुढे मी लिहिलंय, "काय ओढ! दुसरं कुणी असूच शकत नाही." ती तारीख पावसाळा संपतानाची आहे. पाणी गढूळ. म्हणजे मासा मी नीट पाहिलेलाही नसणार. मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मजा आली ना? मग झालं की." तो चांगला माणूस आहे, पण त्याचा हा सल्ला मला काही पटला नाही. चुकीच्या माणसाच्या वरातीत दोन तास नाचलो, पण पाय तर मोकळे झाले, असं म्हणण्यासारखं आहे ते. पाय मोकळे झाले हे खरं. तरी नंतर रस्त्याने घरी येताना काहीतरी होतंच.

मनाची समजूत घालायला मी जुन्या नोंदींकडे वळलो. तिथे माझ्यासारखे पुष्कळ भेटले, आणि माझ्याहून फार मोठे.

खडशी ही महाशिरांतली एक जात, तिचं शास्त्रीय नाव टोर खुद्री. हा 'खुद्री' शब्द आपल्याच नदीकाठचा आहे. विल्यम साइक्स नावाचा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी 1820 च्या दशकात दख्खनभर सांख्यिकीच्या कामावर हिंडत होता. हिंडता हिंडता त्याने मासेही गोळा केले आणि 1839 साली त्यांची वर्णनं छापली. नावं देताना त्याने लॅटिनपेक्षा कोळी-भोयांच्या तोंडचे शब्द उचलले, जसे त्याच्या कानाला ऐकू आले तसे. खडशीचा झाला खुद्री, पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतून घेतलेल्या माशावरून. कोळसाचा कोलस. शिरूरच्या घोड नदीतल्या, बार्बस गोतात घातलेल्या एका माशाला त्याने नाव दिलं मुसल्ला. मला ते दृश्य दिसतं. काठावर साहेब वही घेऊन उभा आहे, टोपलीत मासे तडफडताहेत, आणि गुडघाभर पाण्यातला एक भोई एकेका माशाकडे बोट दाखवून नाव सांगतोय, किंचित कंटाळून, कारण त्याला ते विकायला जायचंय. त्या भोयाचं नाव कुठे नाही. त्याने उच्चारलेले शब्द मात्र जगभरच्या संग्रहालयांत बरण्यांच्या चिठ्ठ्यांवर जाऊन बसले. कोळस आणि खडशी हे दोन निराळे मासे आहेत, हे साहेबाला तेव्हा तिथेच, एका वाक्यात सांगितलं गेलं असणार. जसं मला सांगितलं गेलं.

त्यातल्या मुसल्लाची कथा मला सर्वांत आवडली. दक्षिणेत कावेरीच्या खोऱ्यात पाठीला मदार असलेला, नारिंगी परांचा एक थोराड महाशीर होता. 1946 साली कबिनी नदीत गळाला लागलेला 120 पौंडांचा मासा त्याच जातीचा मानतात. या मदारवाल्याला पुढे मोठमोठे जाणकारही मुसल्लाच म्हणू लागले. कित्येक वर्षं तसंच चाललं. 2013 साली काही अभ्यासकांनी साइक्सचं मूळ वर्णन आणि घाटावरचे मासे पुन्हा समोर ठेवले, तेव्हा लक्षात आलं की साइक्सचा मुसल्ला मुळी महाशीरच नव्हे. तो कोळसाच्या गोतातला. म्हणजे महाशीर समजून कोळसाचा भाऊबंद हातात धरणारा मी पहिला नाही, आणि माझ्या आधीच्यांनी ते छापूनही ठेवलंय. हे वाचलं त्या संध्याकाळी मी घरात जरा जास्तच मोठ्याने गुणगुणत होतो. बायकोने विचारलं तेव्हा सांगितलं, तर ती म्हणाली, "एवढ्या मोठ्या लोकांनी चूक केली म्हणून तुझी लहान होत नाही." बरोबर आहे. पण सोबत होते.

मदारवाल्याला नीट शास्त्रीय नाव मिळालं ते 2018 साली, टोर रेमादेवी. आणि त्याच वर्षी तो नष्ट होण्याच्या अगदी उंबरठ्यावरचा म्हणून धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत गेला. तो गेला कसा, यात एक धागा आपल्या लोणावळ्याशी येऊन मिळतो. तिथे वळवणच्या तळ्याकाठी 1970 च्या दशकापासून खडशीचं बीज तयार होतं. त्या काळी महाशीर म्हणजे महाशीर, जितके सोडावेत तितके चांगले, असा सगळ्यांचाच समज. लोणावळ्याची पिल्लं इतर राज्यांच्या नद्यांबरोबर कावेरीतही गेली. निळसर परांची आमची खडशी तिथे रमली, वाढली, आणि नारिंगी परांचा मूळचा धनी हळूहळू दिसेनासा झाला. वाळू, धरणं, सुरुंग लावून होणारी मासेमारी ही कारणं होतीच. पण हा सगळा बदल कळला कशावरून? गळवाल्यांच्या वह्यांवरून. कावेरीच्या कॅम्पांवर पकडून सोडून देण्याची पद्धत होती, आणि 1998 ते 2012 या काळातल्या सहा हजारांहून जास्त माशांच्या नोंदी तिथे होत्या. दिवस, तास, वजन, आणि पर निळे की सोनेरी-नारिंगी. शास्त्राकडे त्या माशाला धड नाव नव्हतं तेव्हा गुडघाभर पाण्यात उभ्या माणसांनी दोघांचे रकाने वेगळे ठेवले होते.

हे वाचून मी माझी वही पुन्हा उघडली आणि लगेच मिटली. चौदा ठळक शब्द. रकाना एकच.

तेव्हापासून मी मोजायला लागलो. पण मोजायचं म्हणजे मासा धरून ठेवायचा, आणि धरून ठेवणं माशाला बरं नसतं. कोरड्या हाताने धरला की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. हवेत धरला की कल्ले चिकटतात. आपण शंभर मीटर पळून आल्यावर कुणी तोंडावर उशी दाबून म्हणावं, थांबा हं, जरा तुमचे दात मोजतो, तसा प्रकार. मला मासा दुखवायचा नाही असं मी म्हणतो, आणि तरी त्याच्या ओठात लोखंड अडकवतो, हे मला माहीत आहे. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. गळाचा उलटा काटा मी पकडीने दाबून सपाट करतो, पावसाळ्यात मासे अंडी घालायला वर चढतात तेव्हा काठीला हात लावत नाही, आणि मोजायचं ते पाण्यातच मोजतो, डाव्या हाताने पोटाखाली आधार देऊन, उजव्या अंगठ्याने. महाडकडे काळ नदीवर वाळणकोंड म्हणून देवीचा डोह आहे. तिथले महाशीर कुणी मारत नाही. काठावर उभं राहून कुरमुरे टाकले की पाणी काळं होऊन वर येतं. तिथे मी एकदा तासभर बसून होतो. मोजायचा प्रश्नच नव्हता, तरी उजवा अंगठा मांडीवर आपोआप हलत होता.

होळीनंतर पुन्हा भाटघरला गेलो. पाणी बरंच मागे गेलं होतं, बुडालेल्या शेतांचे बांध वर आले होते. मामा होते. मी मुद्दाम त्यांच्याजवळ जाऊन बसलो, तंबाखूची देवाणघेवाण झाली. म्हटलं, "मामा, त्या दिवशी तुम्ही एवढ्या लांबून कसं ओळखलंत?"

"लांबून म्हंजी? दिसतंय की."

"काय दिसतं पण?"

त्यांनी जरा विचार केला. हा प्रश्न त्यांना आयुष्यात कुणी विचारला नसावा. शेजारच्या घरातली दोन भावंडं तुम्ही वेगळी कशी ओळखता, असं मला कुणी विचारलं तर मीही असाच बघत राहीन. शेवटी ते म्हणाले, "खडशी दांडगी असती. बारकी असली तरी दांडगी." मग स्वतःच्याच उत्तराचं त्यांना समाधान वाटलं नाही. हातातली जाळ्याची सुई खाली ठेवून त्यांनी ओठ पुढे काढले, चांगले जाड करून, माशासारखे. "ह्ये असं. आन् कोळस ह्ये असा." दुसऱ्या तोंडात काय बदललं ते मला सांगता येणार नाही, पण बदललं होतं. सत्तरीच्या माणसाने काठावर बसून लागोपाठ दोन मासे करून दाखवले आणि तंबाखूची पिंक टाकून पुन्हा जाळं हातात घेतलं.

दुपारी उन्हं कलली तेव्हा काठी वाकली. या वेळी मी मनाला बजावलं की नाव घ्यायचं नाही. ओढ चांगली होती. चांगली होती एवढंच म्हणायचं. मासा कडेला आला तेव्हा गुडघाभर पाण्यात उतरलो, हात भिजवले, पोटाखाली तळहात दिला. उन्हाची तिरीप पाण्यावरून डोळ्यांत येत होती, काही म्हणता काही दिसेना. डोळे मिटले आणि अंगठा कल्ल्यामागे टेकवला. एक. दोन. तीन. खवल्याची कड अंगठ्याला लागते, मग गुळगुळीत, मग पुन्हा कड. बोट पुढे सरकत होतं आणि माशाचं काळीज, किंवा माझ्या हातातली शीर, धडधडत होती. अकरा. बारा. कुणीतरी लांब बैल हाकत होतं. सोळा, सतरा, आणि त्याने अंग असं मुरडलं की तळहात रिकामा झाला. चिखलाचा ढग उठला. मी तसाच उभा, अंगठा पाण्यात पुढे केलेला.

"काय हुतं?" मामांनी विचारलं.

"सतरा मोजले. मग सटकला."

"म्हंजी अर्धीमुर्धी खडशी," म्हणून ते खो खो हसले, खोकला येईपर्यंत हसले. मीही हसलो. वही पिशवीतून काढली, तारीख लिहिली, पाणी निवळ असं लिहिलं, आणि माशाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. मामांचा खोकला थांबला होता. ते जाळ्याकडे बघतच म्हणाले, "सतराला बोट कुठं हुतं?"

"म्हणजे?"

"आवो, बोट कुठं हुतं? पाठीच्या पराखाली, का म्होरं गेल्यालं?"

मी पेन ओठात धरलं आणि डावा तळहात पुन्हा पसरला, मासा आहे असं समजून. उजवा अंगठा मनगटापाशी टेकवला. कल्ला इथे. डोळे मिटून एकेक कड आठवत पुढे सरकलो. सहा, सात. इथे कुठेतरी पाठीचा पर सुरू झाला होता, तर्जनीला त्याचा काटा लागला होता, नक्की लागला होता. बारा, तेरा. मग पर संपला. मग नुसती पाठ, निमुळती होत जाणारी, आणि अंगठा अजून चाललाच होता.